घरगुती रसयंत्राची निवड

कोळवण खोऱ्यांतील शेतकऱ्याचें मुख्य पीक भात. भाताच्या लावणीविषयीं, खताविषयीं व जातींविषयीं वेळोवेळीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु त्याच शेतकऱ्याच्या बांधावर, परसांत व डोंगरउतारावर जें फळ पिकतें, त्याच्या उपयोगाविषयीं क्वचितच लिहिलें जातें. वैशाखांत करवंदें, त्याच सुमारास रायवळ आंबे, मागोमाग जांभळें, थंडीच्या दिवसांत आवळे, आणि विहिरीच्या पाण्याची सोय असेल तेथें लिंबें, असा हा क्रम आहे. यांपैकीं बराच माल एकाच पंधरवड्यांत पिकतो आणि मृगाचा पाऊस लागतांच झाडाखालीं सडतो. घरीं रस काढून ठेवावा हा विचार त्यामुळें सहज सुचतो, आणि पौड किंवा पुण्याच्या बाजारांत गेलें असतां ज्यूसर नांवाचीं अनेक यंत्रें दृष्टीस पडतात. कोणतेंही फळ घाला, क्षणांत रस घ्या, असें दुकानदार सांगतो. हें सांगणें खरें नाहीं. प्रत्येक फळाचा रस निराळ्या रीतीनें बांधलेला असतो, व म्हणून तो सोडविण्याचें साधनही निराळें लागतें. यंत्र पाहून फळ शोधण्यापेक्षां फळ पाहून यंत्र घ्यावें, हें या लेखाचें सूत्र आहे.

रस निघतो कसा?

फळाचा गर म्हणजे असंख्य सूक्ष्म पेशींचा समूह होय. रस या पेशींच्या आंत कोंडलेला असतो व पेशीभोंवतीं तंतुमय भिंत असते. रस काढणें म्हणजे दोन कामें करणें : पहिलें, भिंत फोडणें, दुसरें, सुटलेला रस चोथ्यापासून वेगळा करणें. काकडींत शंभरांत सुमारें ९५ भाग पाणी असतें व गाजरांत सुमारें ८७. दोहोंत पाणी विपुल आहे. तरीही काकडी हातानें किसून पिळली तरी रस देते आणि गाजर देत नाहीं. फरक पाण्याचा नाहीं, भिंतीचा आहे.

आंबा, केळें, पपई व चिकू यांची गोष्ट आणखी निराळी. यांचा गर मऊ व दाट असून तो रसापासून वेगळा होतच नाहीं. अशा फळाचा रस नसून गर काढावयाचा असतो. तें रसयंत्रांत घातल्यास जाळी तुंबते आणि अर्धें फळ चोथ्याबरोबर वायां जातें.

साधनांचे प्रकार

पहिला प्रकार पिळण्याच्या साधनांचा. लिंबू पिळण्याचा चिमटा, मोसंबें उलटें दाबून फिरविण्याची खांचेदार वाटी व तिचेंच विजेवर फिरणारें रूप हीं सर्व यांत येतात. यांत साल फुटत नाहीं, फक्त फोडींतील रस निघतो. हाच त्यांचा गुण.

दुसरा प्रकार गाळण्याच्या साधनांचा. पुरणयंत्र, चाळण व मलमलीचें फडकें हीं बहुतेक घरीं असतातच. पुरणयंत्र केवळ होळीच्या पोळ्यांसाठीं आहे असें समजूं नये. आंब्याचा गर काढण्यास त्यासारखें स्वस्त व टिकाऊ साधन दुसरें नाहीं.

तिसरा प्रकार वेगानें फिरणाऱ्या रसयंत्राचा. यांत तळाशीं किसणीसारखी दातेरी चकती व भोंवतीं जाळीची टोपली असते. चकती मिनिटास कित्येक हजार फेरे घेते. फळ क्षणांत किसलें जातें व रस जाळीबाहेर फेकला जातो. काम जलद होतें, मोठीं फळें थोडी चिरून भागतात व किंमतही बेताची असते. मात्र रसांत हवा मिसळून फेंस येतो, रस लवकर काळवंडतो, चोथा ओला राहतो व पालेभाजी जवळजवळ तशीच बाहेर पडते.

चौथा प्रकार मळसूत्री रसयंत्राचा. यास बाजारांत कोल्ड प्रेस किंवा स्लो ज्यूसर म्हणतात. यांत जाड मळसूत्र मिनिटास साधारण ४० ते १०० फेरे घेत फळ चिरडतें व जाळीवर दाबतें. उसाचा चरक ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं : सावकाश, परंतु जोरानें दाबणें. रस अधिक निघतो, फेंस कमी येतो, पाला व आवळा यांचाही रस मिळतो. उलट फळ बारीक चिरावें लागतें, वेळ अधिक लागतो व किंमत बरीच अधिक असते. हेंच यंत्र हातानें फिरविण्याच्या रूपांतही मिळतें. तें टेबलाच्या कडेस आवळून बसवितात व त्यास वीज लागत नाहीं. गव्हांकुराचा थोडा रस रोज काढणाऱ्यास तें पुरेसें आहे.

मिक्सर हें रसयंत्र नव्हे. तो फळ वाटतो, परंतु चोथा वेगळा करीत नाहीं. मात्र मिक्सर व फडकें मिळून साध्या रसयंत्राचें पुष्कळसें काम होतें, हें ध्यानांत ठेवावें. मिक्सरबरोबर येणारें ज्यूसरचें जोडभांडें बहुधा तिसऱ्या प्रकारचें असतें.

फळवार निवड

*लिंबू, मोसंबी, संत्रें.* यांस पिळण्याचेंच साधन घ्यावें. या फळांच्या बियांत व पांढऱ्या सालींत कडवट द्रव्य असतें. जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी बियांसकट चिरडल्यास तिचा रस कांहीं वेळानें कडू होतो. मळसूत्री यंत्रांत घालावयाचीच झाल्यास साल, पांढरा थर व बिया काढून घालावीं.

*करवंद.* पूर्ण पिकलेलेंच घ्यावें; कच्च्यांत चीक असतो व तो जाळीस चिकटून बसतो. पिकलेलीं करवंदें थोड्या पाण्यांत मंद आंचेवर मऊ करून फडक्यांतून पिळलीं म्हणजे सुरेख रंगाचा रस मिळतो. यंत्र लागत नाहीं.

*जांभूळ.* बी कठीण असल्यानें सबंध जांभूळ कोणत्याही विजेच्या यंत्रांत घालूं नये. पातें किंवा मळसूत्र मोडतें. हातानें कुस्करून बिया काढाव्या व गर पुरणयंत्रांतून अगर चाळणींतून काढावा.

*रायवळ आंबा.* पुरणयंत्र. रायवळांत धागे पुष्कळ असतात. ते जाळीवर राहून गर खालीं स्वच्छ उतरतो.

*आवळा.* कोळवणच्या घरीं मळसूत्री यंत्राचा विचार करण्यास जर कोणतें फळ लावील तर तें हें. आवळा टणक, तंतुमय व तुरट असतो. थोडे आवळे किसून फडक्यांतून पिळतां येतात. परंतु एकेका झाडाचा माल उतरल्यावर हें काम हाताचें राहत नाहीं. आठळी काढून फोडी घालाव्या. आवळ्यांतील तुरट द्रव्याचा लोखंडाशीं संयोग होऊन रस काळा पडतो; म्हणून किसणी, सुरी व भांडें स्टेनलेस पोलादाचें असावें, लोखंडी नसावें.

*डाळिंब.* दाणे मळसूत्री यंत्रांत घालावे, किंवा फडक्यांत बांधून हातानें दाबावे. वेगाच्या यंत्रांत बिया किसल्या जाऊन रस तुरट होतो.

*गाजर, बीट, सफरचंद.* तिसरा व चौथा, दोन्ही प्रकार चालतात. वेगाच्या यंत्रांतील रस ताबडतोब प्यावा.

*कलिंगड, काकडी, द्राक्षें.* मिक्सर व चाळण पुरे. यांसाठीं यंत्र घेणें म्हणजे पैसा व्यर्थ घालविणें होय.

*पालक, पुदिना, कोथिंबीर.* मळसूत्री यंत्रच. एरव्ही थोडें पाणी घालून वाटावें व फडक्यांतून गाळावें.

*ऊस.* घरगुती यंत्रांत घालूं नये. त्याचे दोरे मळसूत्रास गुंडाळले जाऊन यंत्र अडतें. उसासाठीं लोखंडी लाटांचा चरकच हवा. उन्हाळ्यांत पुण्याच्या रस्त्यांवर घुंगरांच्या नादांत चालणारीं रसवंतीगृहें तेंच काम करितात.

किंमतीचा हिशेब

मळसूत्री यंत्र अधिक रस देतें म्हणून त्याची किंमत वसूल होते, असें सांगितलें जातें. हा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः करून पाहावा. समजा, एक किलो गाजरांपासून वेगाचें यंत्र ५०० ग्रॅम व मळसूत्री यंत्र ६०० ग्रॅम रस देतें. वर्षांतून ५० वेळां एकेक किलो गाजराचा रस काढला, तर वर्षाकाठीं ५ किलो रस अधिक मिळाला. म्हणजे पहिल्या यंत्रानें १० किलो गाजरांतून मिळाला असता तितका. गाजराचा भाव किलोस ४० रुपये धरिला तर बचत ४०० रुपयांची झाली. दोन यंत्रांच्या किंमतींत ८,००० रुपयांचें अंतर असेल तर तें भरून येण्यास २० वर्षें लागतील, आणि तोंवर यंत्र टिकेल असें कोणीही म्हणणार नाहीं.

विजेचा हिशेब तर दोहींकडे सारखाच क्षुल्लक आहे. २०० वॅटचें मळसूत्री यंत्र पाव तास चालविलें तर एका युनिटाचा विसावा भाग वीज लागते. ५०० वॅटचें वेगाचें यंत्र पांच मिनिटें चालविलें तर त्याहूनही किंचित् कमी. तेव्हां अधिक रस व कमी वीज या कारणांसाठीं महागडें यंत्र घेऊं नये. आवळा, डाळिंब किंवा पाला यांचा रस नित्य काढावयाचा असेल, म्हणजे दुसऱ्या साधनानें जें होतच नाहीं तें करावयाचें असेल, तरच घ्यावें. हंगामापुरतें काम असेल तर चार घरांनीं किंवा बचत गटानें मिळून एक यंत्र घेणें अधिक शहाणपणाचें. मात्र रस विकावयाचा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करणें आवश्यक आहे.

जलद फिरणाऱ्या यंत्रांत रस तापून जीवनसत्त्वें नष्ट होतात, या म्हणण्यावरही फार भिस्त ठेवूं नये. दोन-तीन मिनिटांच्या कामांत रस फारसा तापत नाहीं. खरा शत्रू हवा व विलंब हे आहेत. कोणत्याही यंत्राचा रस उघडा ठेवला तर बिघडतोच.

विकत घेतांना परीक्षा

१. आपल्या घरचेंच फळ दुकानांत नेऊन यंत्र चालवून दाखविण्यास सांगावें. निघालेला चोथा मुठींत दाबावा. रस ठिबकला तर यंत्राचें काम अपुरें आहे.

२. यंत्राचे सर्व भाग स्वतः सुटे करून पुन्हां जोडून पाहावे. जें यंत्र धुण्यास कठीण तें महिन्याभरांत माळ्यावर जातें, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

३. जाळी व मळसूत्र सुटें विकत मिळतें काय, व दुरुस्ती पुण्यांत होते कीं यंत्र दूर पाठवावें लागतें, हें विचारावें.

४. एका वेळीं किती मिनिटें चालवावें हें माहितीपत्रकांत लिहिलेलें असतें. तें वाचावें, त्याहून अधिक चालविल्यास मोटार जळते.

५. आय.एस.आय. चिन्ह आहे काय, हें पाहावें. धातूचें अंग असलेल्या यंत्रास तीन कांट्यांची पिन असून घरांतील अर्थिंग नीट असावें. पावसाळ्यांत ओल्या हातांनीं यंत्र हाताळूं नये.

वापर व सावधगिरी

रस काढल्याबरोबर जाळी पाण्याखालीं धरून ब्रशानें घासावी. चोथा वाळला कीं छिद्रें बुजतात. ताजा चोथा थोड्या प्रमाणांत गुरांस घालतां येतो, उरलेला कंपोस्टाच्या खड्ड्यांत टाकावा. गाजराचा चोथा थालिपिठांत चांगला लागतो.

दुधीच्या रसाविषयीं विशेष सावध असावें. दुधी, काकडी या वर्गांतील एखादें फळ कडू निघतें, व तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो. इ. स. २०१० मध्यें दिल्लींत कडू दुधीचा रस घेतल्यानें एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञ समिती नेमून या प्रश्नाचा विचार केला. रस काढण्यापूर्वीं प्रत्येक दुधीची लहानशी फोड चाखून पाहावी. कडू लागल्यास तो टाकून द्यावा. त्यांत दुसरा रस मिसळून कडूपणा लपवूं नये. रस प्याल्यावर उलटी किंवा जुलाब सुरू झाल्यास विलंब न करितां दवाखाना गांठावा. मुतखड्याचा विकार असणाऱ्यानें पालक व बीट यांचा रस वैद्यकीय सल्ल्यावांचून नित्य घेऊं नये.

शेवटीं, रस हा फळाची बरोबरी करीत नाहीं. चोथ्याबरोबर तंतू जातात व साखर तेवढी पेल्यांत राहते. तीन-चार फळें एकदम खाववत नाहींत, परंतु त्यांचा रस मात्र एका घोटांत पिववतो. म्हणून मधुमेह्यानें तर विशेषच, परंतु सर्वांनींच, जें फळ खातां येतें तें खावें. जें आंबट, तुरट, तंतुमय किंवा एकदम पुष्कळ पिकलेलें असल्यामुळें खाऊन संपत नाहीं त्याचाच रस करावा. या दृष्टीनें पाहतां कोळवणच्या बहुतेक घरांस लिंबाचा चिमटा, पुरणयंत्र, स्वच्छ फडकें व असलेला मिक्सर एवढें पुरेसें आहे. परसांत आवळ्याचीं झाडें असतील व रस रोज घेण्याचा निश्चय असेल, त्यानेंच पुढील यंत्राचा विचार करावा; आणि तोही बाजाराच्या रस्त्यास लागण्यापूर्वीं, आपल्या झाडांखालीं उभें राहून.