तळ्यातील आईबाप

अमेरिकेच्या दक्षिण भागात आर्कान्सा नावाचे राज्य आहे. भातशेती आणि मत्स्यशेती यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तळ्यांत माजणाऱ्या पाणवनस्पतींवर उपाय म्हणून १९६३ मध्ये तेथील स्टटगार्ट गावच्या मत्स्यशेती संशोधन केंद्रात मलेशियातून गवत्या मासे आणण्यात आले. गवत्या हा कार्प कुळातील मासा. त्याचे मूळ घर म्हणजे पूर्व आशियातील नद्या. गाय कुरणात चरते, तसा हा मासा पाण्यातील वनस्पती खातो.

मासे तर आले. पण त्यांची पिल्ले कशी मिळणार? गवत्या मासा साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला नदीचे वाहते पाणी लागते. म्हणून नर व मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. काही तासांनी मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी भांड्यात घेतात आणि त्यांत नराचे शुक्रद्रव्य मिसळतात. पण इंजेक्शन म्हणजे जादू नव्हे! पोटात अंड्यांची वाढच झालेली नसेल, तर इंजेक्शन तरी काय करणार? त्यासाठी मासा वयात यावा लागतो. स्टटगार्टला गवत्या माशाचे यशस्वी प्रजनन झाले, ते १९६६ मध्ये. मासे आणल्यापासून तोवर तीन वर्षे गेली होती.

इंजेक्शनचे हे तंत्र भारताला नवे नव्हते. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी भारतीय कार्प माशांवर ते यशस्वी करून दाखवले होते. आज महाराष्ट्रातील मत्स्यबीज केंद्रांतही रोहू, कटला, मृगळ यांचे बीज याच मार्गाने मिळते.

मग आईबाप मासे किती वर्षांचे असावेत? आपल्याकडे साधारणपणे दोन ते चार वर्षांचे मासे निवडतात. नर सहसा मादीच्या आधी वयात येतो. थंड प्रदेशात मासा सावकाश वाढतो, म्हणून तेथे अधिक वर्षे थांबावे लागते. अगदी कोवळ्या मादीची अंडी थोडी व लहान असतात. त्यांतून निघालेले जिरेही अशक्त असते. उलट, फार वयस्क मादी आकाराने मोठी दिसली, तरी तिची अंडी फलित होण्याचे प्रमाण बहुधा घटते. म्हणून नुसता आकार पाहून भुलू नये. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे माशाच्या खवल्यांवरही वाढीच्या खुणा असतात. त्यांवरून वयाचा अंदाज बांधता येतो. तरीही तळ्याची नोंदवही ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग होय.

घाईने कोवळे मासे वापरणाऱ्याचा खर्च वाया जातो आणि पावसाळ्याचा हंगामही हातचा निघून जातो. बीज कमकुवत निघाले, तर ते विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचे तळेही रिकामे राहते.

आर्कान्सात पुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला. गवत्या मासे तळ्यांतून नद्यांत शिरले. तेथे त्यांची संख्या वाढू नये, म्हणून फलित अंड्यांवर मोठा दाब देऊन वांझ मासे तयार केले जाऊ लागले. वांझ मासा गवत खातो. पण त्याला पिल्ले होत नाहीत. त्यामुळे दर वर्षी नवे मासे मिळवायचे, तर योग्य वयाचे, निरोगी आईबाप जपावेच लागतात.

शेतकरी पेरणीसाठी निवडक कणसे राखून ठेवतो. मत्स्यशेतीतही तसेच आहे. बियाणे जपले, तरच पीक हाती येते.

स्वाध्याय
१. गवत्या माशाला इंजेक्शन का द्यावे लागते?
२. आईबाप मासे निवडताना नुसता आकार का पाहू नये?
३. जवळच्या मत्स्यबीज केंद्राला भेट द्या व तेथील माशांच्या वयाची माहिती लिहा.