चाल द्यावी की पॅक व्हावं?

प्रश्न : पोळ्याला घरी तीन पत्ती रंगते. चाल कधी द्यावी, पॅक कधी व्हावं?
– एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : चिंचोक्यांवरच खेळा, पैशांचा अड्डा 1887 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यापायी घरं बसतात.

आधी मधला ढीग बघा. दोघंच उरलात, मध्ये 100 चिंचोके आणि शोला 20 लागतात. सहांतून एकदा जिंकण्याची आशा असली तरी शो मागा. त्याहून कमी असेल तर पॅक. 22,100 जुळण्यांपैकी 16,440 मध्ये साधी जोडीही नसते, म्हणून समोरचा ब्लाइंड असेल तर जोडीवर बिनधास्त चाल वाढवा. पण पानं बघून तो एकदम दुप्पट करत असेल, तर दुर्रीची जोडी खुशाल टाका. आधी घातलेले चिंचोके मोजत बसू नका, ते आता ढिगाचे.