सत्राचा प्रस्ताव देण्याआधी

पाथर्डी-शेवगाव भागातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत दिवाळीनंतर मुलं पटावर असतात, वर्गात नसतात. आईवडिलांसोबत ती ऊसतोडीला गेलेली असतात. हंगामी वसतिगृहामुळे काही गावातच थांबतात. गेलेली मुलं हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा कुणाची जोडाक्षरं सुटलेली असतात, कुणाचं वाचनच.

या मुलांना पुन्हा वाचतं कसं करायचं, यावर आम्ही काही शिक्षकांनी एका शिक्षक संमेलनासाठी सत्राचा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला, दीड तास मिळाला. प्रत्यक्षात सत्कार आणि मनोगतं लांबत गेली आणि आमच्या वाट्याला दिवसाचा शेवटचा थोडा वेळ आला. गटात करून बघण्याचा भाग गळाला, नुसतं भाषण उरलं. अकोले तालुक्यातल्या डोंगरी शाळांवरून आलेल्या मॅडम एसटी चुकू नये म्हणून मधूनच उठल्या. ज्यांना सत्राची सर्वांत जास्त गरज होती, त्याच रिकाम्या हाताने गेल्या. हे मला फार लागलं.

म्हणून नव्याने प्रस्ताव देणाऱ्यांना मनापासून सांगते. वेळेची विभागणी प्रस्तावातच लिहा: मांडणीला पंधरा मिनिटं, करून बघायला पन्नास, चर्चेला पंचवीस. वेळ कमी पडला तर मांडणी कापू, कृती कापणार नाही, हेही तिथेच नोंदवा. आयोजकांकडून सकाळची वेळ मागून घ्या.

विषय एकाच अडचणीचा ठेवा. ‘गुणवत्ता विकास’ हे शीर्षक कुठल्याही सत्राला चालतं, त्यामुळे निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘स्थलांतरातून परतलेल्या तिसरीच्या मुलांचं वाचन : पहिले पंधरा दिवस’ असं लिहिलं की काम डोळ्यांपुढे उभं राहतं. सत्र कोणासाठी, तेही स्पष्ट करा. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना मोठ्या शाळेची पद्धत जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

प्रोजेक्टरवर विसंबू नका. शब्दपट्ट्या आणि उताऱ्यांच्या झेरॉक्स सोबत न्या. मुलांच्या वह्यांची पानं दाखवायची तर नावं झाका, फोटोला पालकांची परवानगी घ्या. जे जमलं नाही तेही मांडा, म्हणजे ऐकणारे आपल्या अडचणी बोलू लागतात.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. हे तास हजेरीपत्रकावर भरतील, पण वर्गात उतरले तरच मुलांच्या कामी येतील. त्यासाठी प्रस्तावाच्या शेवटी पाठपुरावा लिहा: सहभागी शिक्षक वर्गात काय करून बघतील आणि केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत त्यावर कोण बोलेल. संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या अधिव्याख्यात्यांना प्रस्ताव आधी दाखवून त्यांचं मत घ्या. आपल्या मुलांसाठी शोधलेली वाट दुसऱ्या शाळेपर्यंत पोहोचवणं हेही शिक्षकाचंच काम आहे, आणि त्याची तयारी प्रस्तावाच्या कागदावरच सुरू होते.