नोंदवहीतील पूर्वज



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. कबरीवर मेणबत्ती लावताना आजोबांचे नाव सर्वांना ठाऊक असते, पणजोबांचे क्वचित. त्यापुढे बहुतेकांची पाटी कोरी. कॅनडातील फ्रेंच भाषक कॅथोलिकांचे तसे नाही. क्युबेक प्रांतातील पुष्कळ कुटुंबे दहा-बारा पिढ्या मागे, फ्रान्सहून जहाजाने आलेल्या मूळ पुरुषापर्यंत पोहोचतात. हे साधले ते धर्मग्रामांच्या नोंदवह्यांमुळे.

ट्रेंटच्या विश्वपरिषदेने 1563 साली विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवण्याचे धर्मगुरूंना बंधन घातले. क्युबेकची वसाहत 1608 ची, म्हणजे ही शिस्त तेथे पहिल्यापासून गेली. 1640 साली आगीत चर्च जळाले, वह्याही जळाल्या. तेव्हा मिशनऱ्यांनी आठवून आठवून जुन्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या! पुढे प्रत्येक वहीची दुसरी प्रत न्यायालयात ठेवण्याचा नियम झाला.

आता नावांची गंमत पाहा. संत जोसेफ हा त्या वसाहतीचा आश्रयदाता. त्यामुळे मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी (आपली मरिया) लावण्याची रीत पडली व 19 व्या शतकात ती जवळजवळ सार्वत्रिक झाली. पुढे बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे नाव आणि शेवटी हाक मारायचे नाव. एका घरात पाच जोसेफ दिसले तर गोंधळू नये. शेवटचे नाव पाहावे.

आडनावालाही 'दी' जोडून दुसरे नाव येई. 'दी' म्हणजे आपले 'ऊर्फ'. 1665 साली कारिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे 1,200 सैनिक तेथे आले, त्यांतले सुमारे 400 स्थायिक झाले. सैन्यात प्रत्येकाला टोपणनाव असे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बिनघोर. काहींची टोपणनावे गावावरून किंवा जमिनीवरून पडली. पुढे एका भावाचा वंश मूळ आडनाव लावी, दुसऱ्याचा टोपणनाव. आपल्या गावांतही एकाच आडनावाची दहा घरे असली की घराण्याच्या टोपणनावाशिवाय पोस्टमनचे चालत नाही!

मग शोध लावायचा कसा? विवाहनोंदीवरून. तिच्यात वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असत आणि स्त्रीचे नाव जन्मभर माहेरच्या आडनावानेच लिहीत. त्यामुळे आईकडचीही वाट बंद होत नाही. फादर सिप्रियँ तांगे ह्यांनी अशा नोंदी गोळा करून 1871 ते 1890 ह्या काळात कुलवृत्तांताचे सात खंड छापले. एका धर्मगुरूचे हे काम. मला तर थक्क व्हायला होते.

ह्या वह्यांत दुःखही आहे. बाळ दगावेल असे वाटले तर सुईण घरीच त्याच्या डोक्यावर पाणी घाली. कित्येकदा त्या बाळाला नाव मिळण्याआधीच मरण येई. एखादे मूल गेले की पाठच्या भावंडाला पुष्कळदा तेच नाव ठेवीत. वंशावळ जुळवणारा कधीकधी येथे चुकतो आणि गेलेल्या बाळालाच आपला पूर्वज समजतो. म्हणून दफनाची नोंदही पाहावी लागते. त्या बाळाचा पृथ्वीवरचा मागमूस म्हणजे तेवढीच एक ओळ.

आपल्या धर्मग्रामातही स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू ह्यांच्या वह्या ठेवाव्या लागतात. धर्मविधिसंहितेचा 535 वा नियम तसे सांगतो. पण फॉर्म भरताना आपण घाई करतो. आईचे माहेरचे आडनाव गाळतो, धर्मपित्याचे नुसते घरगुती नाव लिहितो, 'बाबू' किंवा 'बाय' एवढेच. शंभर वर्षांनी हा बाबू कोण, हे कोणी सांगावे?

घरातील वृद्धांना ह्या महिन्यात जवळ बसवून त्यांच्या आईचे माहेर, लग्नाचे चर्च आणि लहानपणी गेलेल्या भावंडांची नावे लिहून घ्या. साल नक्की आठवत नसेल तर 'मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी' असे सांगितलेलेही लिहून ठेवा. जुनी नोंद शोधायची असेल तर हा कागद घेऊनच कार्यालयात या, म्हणजे वहीचे नेमके पान लवकर सापडेल.