ड्युटी आणि दावा

सुमे, रविवारी तुझ्याकडे आले तेव्हा प्रकाशराव स्टुलावर पाय टाकून बसले होते. नाकाबंदीत दारुड्याच्या गाडीने उडवलेल्या पायाच्या नडगीत रॉड, आणि दाराशी एकच बूट पॉलिश करून ठेवलेला. "दावा लावलात का?" विचारलं तर हसले. "ताई, नाकाबंदी म्हटली की हे आलंच. त्याचाच पगार मिळतो." तूही मान डोलावलीस, म्हणून तुझ्याशीच बोलते.

अमेरिकेत हेच म्हणून कोर्टांनी माणसं परत पाठवली आहेत. आग विझवायला गेलेल्याने, ज्याच्या हलगर्जीपणामुळे आग लागली त्याच्यावर दावा करू नये, असा तिथला 'फायरफायटर्स रूल'. इलिनॉयच्या १८९२ च्या एका निकालापासून तो आला, पुढे पोलिसांनाही लागला. ओरेगनच्या कोर्टाने मात्र १९८४ मध्ये तो मोडीत काढला.

आपल्या मोटार वाहन कायद्यात जखमीच्या अंगावर खाकी होती का, असं कुणी विचारत नाही. दारू पिऊन बॅरिकेड तोडणाऱ्याला माफी द्यायला प्रकाशरावांचा पगार नाही गं! त्याच्यावरचा फौजदारी खटला वेगळा, नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. गाडीमालक आणि विमा कंपनी दोघांना पक्षकार करून. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही राहता तिथे, साताऱ्यातही तो करता येतो.

पगार चालू आहे म्हणून नुकसान नाही, असं विमा कंपनीचा वकील म्हणणारच. म्हणू दे. खर्ची पडलेली रजा, सोसलेल्या वेदना, पुढे पाय पूर्ण वाकला नाही तर कामावर होणारा परिणाम, हे सगळं मागता येतं. फक्त पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून मिटलेली बिलं खिशातून भरली म्हणून लावू नकोस. खोटं एक निघालं की खऱ्यावरही संशय येतो.

आता कामाचं. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रजेचा दाखला एका पिशवीत घाल. उपचार संपले की सिव्हिल सर्जनकडून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्यायचं, पण अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नकोस. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात, रॉड काढल्यापासून नाही.