किडनीचे रुग्ण आणि फ्लूची लस : योग्य वेळ कोणती?

मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे मूत्रपिंडे (किडनी) हळूहळू निकामी होत जाणारे रुग्ण आज अनेक कुटुंबांत आहेत. अशा रुग्णाला फ्लू झाला, तर तो साध्या पडशासारखा चार दिवसांत जाईलच असे नाही. त्याची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण झालेली असते. फ्लूतून न्यूमोनिया होऊ शकतो आणि उरलेली किडनीही आणखी बिघडू शकते. म्हणून त्याने फ्लूची लस घेणे आवश्यक आहे. परंतु ती केव्हा घ्यावी?

लस टोचल्यानंतर संरक्षण मिळण्यास सुमारे २ आठवडे लागतात. पुढे काही महिन्यांत ते कमी होऊ लागते. किडनीच्या रुग्णात, विशेषतः डायलिसिसवरील रुग्णात, लसीचा परिणाम निरोगी माणसापेक्षा कमी असतो. म्हणून साथीच्या थोडे आधी लस घेणे हिताचे.

महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी ऑगस्ट महिन्यात पुण्यात घेतला. यास्तव आपल्याकडे एप्रिल-मे हा लसीचा योग्य काळ होय. युरोप-अमेरिकेत हिवाळ्याआधी लस देतात. तो नियम येथे जसाच्या तसा लावू नये.

मे महिना हुकला तर? तरीही लस घ्यावी. आपल्याकडे हिवाळ्यातही फ्लू पसरतो. २०१५ च्या आरंभी मोठी साथ आली होती. उशिरा घेतलेली लस न घेतलेल्या लसीपेक्षा केव्हाही बरी.

फ्लूचा विषाणू रूप बदलत असतो, म्हणून लसही बदलते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. ती दरवर्षी घ्यावी लागते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी :

१) मृत विषाणूची, इंजेक्शनची लस घ्यावी. नाकात फवारण्याची जिवंत विषाणूची लस या रुग्णांनी घेऊ नये.

२) डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर इंजेक्शन घेऊ नये.

३) किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी लसीची वेळ आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

४) रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसांनीही लस घ्यावी.

५) ताप आल्यास दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत, त्यांतील काही किडनीस घातक असतात.

विद्यार्थी मित्रांनो, घरात असा रुग्ण असेल तर एप्रिल लागताच त्याला लसीची आठवण करून द्या. पावसाची वाट पाहू नका.