ताकदीच्या गोळीआधी लघवी तपासा

‘डॉक्टर, किडनी कमजोर झाली आहे, ताकदीचे काहीतरी लिहून द्या,’ अशी मागणी घेऊन येणारे पुरुष माझ्या दवाखान्यात आठवड्याला दोन-तीन तरी असतात. बहुतेक जण शेवटचा नंबर लावतात. तक्रारींचा क्रमही ठरलेला असतो. आधी कंबरदुखी, मग थकवा, मग रात्री लघवीला उठावे लागणे आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून, संसारातली खरी अडचण. खिशातून एखादी डबी निघते. कुणी ती यात्रेतल्या तंबूतून आणलेली असते, कुणी मोबाईलवरची जाहिरात पाहून कुरिअरने मागवलेली असते. हल्ली त्यांत ‘चिनी जडीबुटी’ असे छापलेल्या डब्याही दिसतात. मजकूर सगळीकडे सारखाच असतो : किडनी मजबूत, पुरुषशक्ती दुप्पट.

किडनी आणि पुरुषशक्ती यांची ही जोडी कोठून आली, तिच्यात खरे किती, आणि अशा तक्रारी असलेल्या माणसाने आधी काय करावे, हे आज पाहू.

समजूत आली कोठून?

चिनी वैद्यकात मूत्रपिंडाला ‘शन’ म्हणतात. पण त्यांचा ‘शन’ म्हणजे आपण सोनोग्राफीत पाहतो ती किडनी नव्हे. वाढ, हाडे, केस, ऐकू येणे, प्रजननशक्ती या सगळ्यांचे मूळ ते शनमध्ये मानतात. जीवनाचे सत्त्व तेथे साठते आणि ते आटले की कंबर व गुडघे दुखतात, कानात आवाज येतो, पुरुषत्व उणावते, अशी ती कल्पना. त्यांची सहा घटकांची एक प्रसिद्ध गोळी आहे, ‘लिऊ वेइ ती हुआंग वान’. ती मुळात छ्येन यी या बालवैद्याची. त्याच्या शिष्याने संकलित केलेला ग्रंथ १११९ सालचा आहे. गंमत अशी, की वाढ खुंटलेल्या लहान मुलांसाठी सांगितलेले हे औषध आज जगभर प्रौढ पुरुषांना विकले जाते.

आपल्याकडे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू मानले. शुक्र शेवटचा, म्हणून सर्वांत मोलाचा. पुढे लोकांत असे रूढ झाले, की रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो. वीर्य लघवीच्या वाटेने बाहेर पडते, म्हणून ते किडनीत तयार होत असावे, अशीही अनेकांची समजूत आहे.

किडनीचे खरे काम

मूत्रपिंडे दोन. प्रत्येक साधारण मुठीएवढे आणि दीडशे ग्रॅम वजनाचे. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. याखेरीज रक्त वाढवणारे एक संप्रेरक, ड जीवनसत्त्व कामास येण्याजोगे करणे आणि रक्तदाबावर नियंत्रण ही कामेही मूत्रपिंडांचीच.

वीर्याशी मात्र त्यांचा संबंध नाही. शुक्रजंतू वृषणात तयार होतात. त्यांत मिसळणारा द्रव मुख्यतः वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. वाट शेवटी एक होते, एवढेच. कंबरदुखीही बहुधा स्नायूंची, मणक्याची असते. दिवसभर ट्रॅक्टर चालवणाऱ्याची किंवा उसाच्या मोळ्या उचलणाऱ्याची कंबर दुखली, तर त्यात किडनीचा दोष नसतो. उलट त्या कंबरेसाठी महिनोन्‌महिने मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या चांगली किडनी बिघडवू शकतात, विशेषतः उन्हातान्हात पाणी कमी पडलेले असताना.

मग संबंध काहीच नाही का?

संबंध आहे, पण जाहिरातीत सांगतात तो नव्हे. मूत्रपिंडाच्या गाळण्या म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येते तीही त्यात रक्त भरल्याने, म्हणजे निरोगी रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंमुळेच. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू हे तिघे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घाव घालतात. म्हणून चाळिशी-पन्नाशीत हळूहळू आलेली ‘कमजोरी’ ही पुष्कळदा आतल्या आजाराची पहिली पाटी असते. हृदयाच्या रक्तवाहिन्या इंद्रियाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा मोठ्या असतात. त्यामुळे हृदयविकार छातीत दुखून जाहीर होण्याच्या काही वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली आढळते.

माझ्याकडे आलेल्या पंचेचाळिशीच्या एका शेतकऱ्याचे उदाहरण देतो. ओळख पटेल असे काही सांगत नाही. आठ महिने त्यांनी शक्तिवर्धक कॅप्सूल घेतल्या. फरक नाही म्हणून डोस वाढवला. त्यांची उपाशीपोटी साखर २८० निघाली, रक्तदाब १७०/१०० आणि लघवीत प्रथिने. रात्री चार वेळा उठावे लागत होते ते साखरेमुळे, थकवा साखरेमुळे आणि संसारातली अडचणही बऱ्याच अंशी त्यामुळेच. आठ महिने आजार बोलत होता आणि ते त्याला टॉनिक पाजत होते. आज ते औषध नियमित घेतात, मावा सोडला आहे, आणि किडनी आहे तेथे थांबली आहे. गमावलेले सगळे परत आले असे नाही. पण आणखी वर्षभर उशीर झाला असता, तर डायलिसिसचे बोलणे सुरू झाले असते.

डायलिसिस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. योजनेतून उपचार मोफत झाला, तरी जामखेड-पाथर्डीहून नगरला येण्याजाण्यात रोज बुडतो, सोबतच्या माणसाचाही.

डबीत काय असते?

आपल्या पायात मोडणारा सराटा, त्याचेच फळ म्हणजे गोखरू. चिनी वैद्यही ते वापरतात. आपल्याकडे मूत्रविकारांवर त्याचा जुना उपयोग आहे. पण निरोगी पुरुषात त्याने पुरुषी संप्रेरक वाढते, असे अभ्यासांत खात्रीने दिसलेले नाही. अश्वगंधेवरील छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे, तशा यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे गणित चुकीचे आहे. औषध लागू पडते तेव्हा ते बाधूही शकते.

खरी काळजी आहे ती डबीवर न छापलेल्या गोष्टींची. पहिली गोष्ट चुकीच्या वनस्पतीची. बेल्जियममधील ब्रसेल्स येथे वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे १९९३ साली डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. एका वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातली विषारी वनस्पती मिसळली गेली होती. पुढे बाधितांची संख्या शंभरावर गेली. कित्येकांना डायलिसिस व प्रत्यारोपण करावे लागले आणि काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरी ऊर्फ सापसंद याच कुळातली आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट धातूंची. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून आणलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. पारा असलेल्या देशी औषधांमुळे लघवीतून प्रथिने जाण्याचा एक विकार होतो, असे दक्षिण भारतातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२२ साली दाखवून दिले. समाधानाची बाब ही, की औषध बंद केल्यावर बऱ्याच रुग्णांचा विकार उतरला.

तिसरी गोष्ट चोरून घातलेल्या ॲलोपॅथिक औषधाची. १९९८ पासून वापरात आलेले सिल्डेनाफिल ‘शंभर टक्के वनस्पती’ म्हणवणाऱ्या गोळ्यांत वारंवार सापडले आहे. गोळी पहिल्याच दिवशी ‘लागू पडली’, तर शंका घ्या. हृदयरोगी जिभेखाली सॉर्बिट्रेटसारखी गोळी ठेवतो. तिच्याबरोबर सिल्डेनाफिल पोटात गेले, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

माझे हे म्हणणे आयुर्वेदाविरुद्ध नाही. नगरला पंडित गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, नोंदणीकृत वैद्य गावोगाव आहेत. औषध घ्यायचेच तर त्यांना नाडी दाखवून, त्यांच्या सहीच्या चिठ्ठीवर घ्या. पुरुषशक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. म्हणजे जी भिंत किंवा जो मोबाईल तुम्हाला असे आश्वासन देतो, तो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो.

तरुणांसाठी चार शब्द

विशी-पंचविशीतल्या मुलांची भीती वेगळी असते : ‘लघवीतून धातू जातो.’ १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी या भीतीला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. पांढरट लघवी बहुधा फॉस्फेट क्षारांमुळे दिसते. स्वप्नावस्था हा आजार नाही आणि हस्तमैथुनाने किडनी जात नाही. हे मराठीत सांगणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. तरीही मुले आजही तेच प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. झोप उडाली असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर उपचार मनावरच्या ओझ्याचा करायचा असतो. मात्र लघवीला जळजळ होत असेल किंवा पू येत असेल, तर तपासणी हवीच.

काय करावे?

१. रक्तदाब मोजा. तो वारंवार १४०/९० किंवा जास्त येत असेल, तर उपचार हवेत.

२. उपाशीपोटी साखर तपासा. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासून मधुमेह निश्चित करतात.

३. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, दोन्ही तपासा. क्रिएटिनिन बऱ्याचदा निम्मे काम बंद पडल्यावरच वाढते. अल्ब्युमिन त्याआधी सूचना देते.

४. लघवीला फेस राहणे, सकाळी डोळ्यांखाली सूज, पायांवर सूज ही लक्षणे असतील, तर थांबू नका.

५. मावा, तंबाखू, विडी सोडा. रक्तवाहिन्यांसाठी याहून स्वस्त औषध नाही.

६. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ही अडचण येते. गोळी आपणहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ती बदलता येते.

७. चालू असलेली प्रत्येक पुडी आणि डबी डॉक्टरांपुढे ठेवा. आम्ही रागावणार नाही.

रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाहतात. उरलेल्या तपासण्यांचा खर्च बहुतेक ‘ताकदीच्या’ डबीपेक्षा कमीच येतो. त्यासाठी फक्त एकदा तोंड उघडावे लागते. घरच्या मंडळींनीही एक करावे. घरधनी गुपचूप कसल्या गोळ्या घेतात असे दिसले, तर थट्टा करू नये आणि संशयही घेऊ नये. सोबत दवाखान्यात यावे. अशी तपासणी नवरा-बायकोने मिळून केली, तर निम्मा संकोच उंबऱ्याबाहेरच राहतो.